वीस महिन्यांचे अंतर

फराळाच्या ताटाशेजारी राज्यघटनेचा विषय मांडणे हा थोडासा अरसिकपणाच. परंतु दिवाळीत घरोघर जे मातीचे किल्ले उभे राहतात, ते तरी काय सांगतात? सगळ्यांत वर सिंहासन, त्यावर महाराज, आणि उतारावर हळिवाच्या हिरवळीत उभे केलेले मावळे. आमच्या आळीतल्या मुलांना मी एकदा विचारले, "अरे, अष्टप्रधान कुठे आहेत?" एकाने तत्काळ सांगितले, "गुरुजी, ते बाजारात मिळत नाहीत." सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो, त्याला सल्ला देणारे, अडवणारे, जाब विचारणारे लोक बाजारात मिळत नाहीत, आणि पुष्कळदा बाजाराबाहेरही मिळत नाहीत.

हा एकच माणूस असावा की नसावा, असलाच तर त्याला जाब कोणी व केव्हा विचारावा, हा प्रश्न सोडवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीस महिन्यांच्या अंतराने दोन वेगळी उत्तरे दिली. ती दोन्ही महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेत आहेत. पहिले उत्तर पहिल्या खंडात, दुसरे तेराव्यात. मी शाळामास्तर आहे, शिक्षण मॅट्रिकचे. कायद्याचा पंडित म्हणून मी हे खंड उघडलेले नाहीत. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे मला एकाच माणसाच्या दोन जबान्या शेजारी ठेवून वाचण्याची सवय आहे, एवढेच. अशा वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

आधी अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण दोन्ही जबान्यांत साक्षीदार तोच आहे. १७८७ सालच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला जमलेल्या मंडळींनी नुकताच एका राजाशी लढा जिंकला होता. तरीही १ जून रोजी जेम्स विल्सन या सभासदाने सुचवले की, कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हाती असावी. व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांना त्यात राजेशाहीचा गर्भ दिसला. त्यांना तिघांचे मंडळ हवे होते. शेवटी एकट्याचाच पक्ष जिंकला. पुढच्या वर्षी अलेक्झांडर हॅमिल्टनने वृत्तपत्रांतून लेख लिहून त्याचे समर्थन केले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, सत्ता अनेकांत वाटली तर चुकीचा धनी सापडत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकटा माणूस असला म्हणजे बोट कोणाकडे दाखवायचे हे लोकांना कळते. हा युक्तिवाद कोणाही पंचकमिटीत बसलेल्या माणसाला पटेल.

म्हणून तेथील अध्यक्षाला चार वर्षे कोणी सहज हलवू शकत नाही. त्याचे मंत्री विधिमंडळाचे सभासद नसतात. तो त्यांचा सल्ला मानो वा न मानो. त्याला काढायचा मार्ग महाभियोगाचा. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन, १९९८ साली बिल क्लिंटन, २०१९ आणि २०२१ साली डोनाल्ड ट्रम्प, असे चार महाभियोग आजवर प्रतिनिधिगृहाने लावले. सेनेटने एकदाही दोषी ठरवले नाही. निक्सन १९७४ साली गेले ते आपण होऊन, महाभियोग येऊन उभा राहण्याच्या आत. २०२४ च्या जुलैमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अधिकारपदावरून केलेल्या कृत्यांबद्दल माजी अध्यक्षावर खटला भरण्यालाही मोठा बांध घातला. अध्यक्ष निरंकुश आहे असे मात्र कोणी समजू नये. पैसा विधिमंडळाच्या हाती आहे. १९५२ साली ट्रूमन यांनी संप टाळण्यासाठी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ते परत करायला लावले. अध्यक्ष आणि विधिमंडळ यांचे पटले नाही की दुसरेच काही घडते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात ३५ दिवस आणि २०२५ साली ४३ दिवस सरकारी कचेऱ्यांचे कितीतरी काम बंद पडले. दोघेही लोकांनी निवडलेले, दोघांनाही वाटते की खरा कौल आपल्यालाच, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला घरी पाठवू शकत नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. त्या वेळी अध्यक्षपदी वुड्रो विल्सन होते. ते मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक, आणि तरुणपणी लिहिलेल्या ग्रंथात याच अमेरिकन पद्धतीवर टीका करून इंग्रजांच्या मंत्रिमंडळ पद्धतीचे गुण गायलेले. मास्तर खुर्चीवर बसला की त्याची मते किती टिकतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता तेरावा खंड. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी केलेले भाषण आपल्यापैकी पुष्कळांना निदान ऐकून माहीत असते. आपल्या राष्ट्रपतीचे आणि अमेरिकन अध्यक्षाचे इंग्रजी नाव सारखे असले तरी दोघांत साम्य तेवढेच, असे ते प्रारंभीच बजावतात. पुढचा भाग भाषणाचा गाभा आहे. लोकशाहीतील कार्यकारी सत्तेकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, इंग्रजी पद्धत जबाबदारी अधिक देते. जबाबदारीची मोजणीही दोन प्रकारची: मतदार काही वर्षांनी करतात ती, आणि सभासद प्रश्न, ठराव, तहकुबी, अविश्वास यांच्या द्वारे रोज करतात ती. मसुद्याने रोजची मोजणी पत्करली आणि स्थैर्य थोडे कमी घेतले.

आम्हा मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर वार्षिक परीक्षेपेक्षा रोजची तोंडी परीक्षा बरी. या परिच्छेदाची बांधणी मला फार आवडते. त्यात एकही अलंकार नाही, कोणावर चढाई नाही. तराजूच्या दोन पारड्यांत दोन गुण ठेवले आहेत आणि वजन सर्वांसमक्ष केले आहे. तोटा किती होणार तेही लपवलेले नाही. राजकारणातल्या भाषणात तोट्याचा आकडा आपणहून सांगणारा वक्ता विरळाच.

येथेच थांबलो असतो तर प्रश्न सुटल्यासारखा वाटला असता. परंतु पहिला खंड उघडला आणि मी चक्रावलो.

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी एक निवेदन लिहिले. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाची ती पुस्तिका. जमीन आणि मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, या तिच्यातील मागणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. कार्यकारी सत्तेच्या कलमाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. पुस्तिकेचा घाटही नमुनेदार आहे. आधी कायद्याच्या थंड भाषेतली कलमे, मागाहून त्यांची स्पष्टीकरणे. कलमे वाचताना वकील बोलतो, स्पष्टीकरणे वाचताना मार खाल्लेला समाज बोलतो, आणि आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच शांत. देशाचे नावच मुळी तेथे 'युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया' असे ठेवले आहे.

त्या कलमात काय आहे? मंत्रिमंडळाला विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत हटवता येऊ नये. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा, एका पक्षाने नव्हे. मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्य समाजाच्या सभासदांनी निवडावेत, आणि बहुसंख्याकांचे प्रतिनिधी मात्र सगळ्या सभागृहाने. मंत्र्याला काढायचे तर भ्रष्टाचार वा राजद्रोह यांसाठी महाभियोग लावून. आणि स्पष्टीकरणात ते उघड म्हणतात की, हा नमुना अमेरिकन आहे, तो आपल्या देशाच्या गरजांप्रमाणे बेतून घेतला आहे.

म्हणजे वीस महिन्यांपूर्वी ज्या स्थैर्याचे वजन त्यांनी जड ठरवले, तेच वीस महिन्यांनी हलके! असे का झाले? सोपे उत्तर पुष्कळ जण देतात: १९४७ साली ते एका पक्षाचे वकील होते, १९४८ साली सबंध सभेचे; मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतःचे मत नव्हे तर सभेचे मत मांडतो. हे खोटे नाही. परंतु हे उत्तर मला अपुरे वाटते. वकिलाने पक्षकार बदलला की युक्तिवाद बदलतो हे कळते. येथे युक्तिवादाची मुळातली चिंता बदललेली नाही, असे माझे मत आहे, आणि ते पुस्तिकेच्या मजकुरातूनच दाखवता येते.

१९४७ च्या स्पष्टीकरणात त्यांची तक्रार इंग्रजी पद्धतीच्या एका गृहीतकाबद्दल आहे. इंग्लंडात बहुमत हे राजकीय असते. आज या पक्षाचे, उद्या त्या पक्षाचे. माणसे मत बदलतात म्हणून बहुमत बदलते. आपल्याकडे बहुमत जन्माने ठरून आलेले असते. ज्याचा जन्मच अल्पमतात झाला, त्याने कितीही उत्तम भाषण केले तरी तो बहुमतात जाऊ शकत नाही. अशा सभागृहाला रोज अविश्वासाचा अधिकार दिला तर तो अधिकार कोणाच्या हाती पडेल? ज्यांचे बहुमत कधीच ढळणार नाही त्यांच्या. मग रोजची तोंडी परीक्षा ही परीक्षा राहात नाही. वर्गातल्या दांडग्या मुलांनी एका पोराला रोज उभे करण्याचा तो परवाना होतो.

१९४८ चे भाषण विचारते: सत्तेवर बसलेल्याला रोज जाब कोण विचारील? १९४७ ची पुस्तिका त्याच्या आधीचा प्रश्न विचारते: जाब विचारणारे कोण आहेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल तरच पहिल्याचे उत्तर उपयोगी पडते. भाषणात हा आधीचा प्रश्न गाळला गेला आहे. भाषणावर माझा एकच आक्षेप आहे, तो हाच. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दल त्याच भाषणात अन्यत्र ते बोलतात, आणि कळकळीने बोलतात. परंतु कार्यकारी सत्तेच्या परिच्छेदाशी त्याचा सांधा जोडत नाहीत. तराजू निर्दोष आहे, फक्त तो कोणाच्या हाती आहे ते तेथे दिसत नाही.

वाचकहो, हे सगळे दिल्लीचे आणि वॉशिंग्टनचे प्रकरण आहे असे वाटत असेल तर जरा आपल्या ग्रामपंचायतीकडे पाहा. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या आपल्या कायद्यातही कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या, सरपंचाच्या, ठायी ठेवलेली आहे. मात्र पंचायतीने केलेले ठराव अमलात आणण्यासाठी. हा 'मात्र' अमेरिकन घटनेच्या दुसऱ्या कलमाच्या पहिल्या वाक्यात नाही. या सरपंचाला निवडायचे कोणी? १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तालुका आणि जिल्हा या पायऱ्यांवर अध्यक्ष सभासदांनीच निवडावा असे ठरवून टाकले, पण गावाच्या पायरीवर ते राज्याच्या मर्जीवर सोडले. आणि मर्जी ती काय वर्णावी! २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला, २०२० साली सरकार बदलले तसा तो गेला, २०२२ साली पुन्हा सरकार बदलले तसा तो आला. नगराध्यक्षांच्या बाबतीतही असाच लपंडाव चालत आला आहे. ज्याला जे सोयीचे त्याने ते केले. या येण्याजाण्यात स्थैर्य आणि जबाबदारी हे दोन शब्द वजन करून वापरलेले मला कोठे आढळले नाहीत. हो, थेट सरपंचाच्या कायद्याबरोबर १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासाची अट आली, एवढ्यापुरती आम्हा शिक्षकांची आठवण झाली म्हणायची.

वारणेच्या दोन्ही काठांवर, अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात आणि पलीकडे सांगली जिल्ह्यात, मी हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एका गावात (नावाचे प्रयोजन नाही) सदस्यांनी निवडलेल्या एक बाई राखीव जागेवर सरपंच होत्या. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. पहिले वर्ष त्या दाखवतील तेथे सही करीत होत्या. दुसऱ्या वर्षी कागद वाचून सही करू लागल्या. तिसऱ्या वर्षी अविश्वासाचा ठराव आला. कारणाच्या रकान्यात तेच नेहमीचे वाक्य: सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार. लागणारे बहुमत पंधरवड्यात जमले. रोजची परीक्षा म्हणतात ती हीच असेल, तर १९४७ ची पुस्तिका अक्षरशः खरी ठरली.

दुसऱ्या गावात सरपंच थेट निवडून आले आणि सदस्य बहुसंख्येने विरुद्ध गटाचे. दोघांकडेही गावाचा कौल. सरपंच म्हणत, मला साऱ्या गावाने निवडले; सदस्य म्हणत, ठराव आम्ही करू तेव्हा. पाण्याच्या टाकीचे काम दोन उन्हाळे लांबले. वॉशिंग्टनला कचेऱ्या बंद पडतात, येथे नळ.

यातून 'थेट निवड वाईट' किंवा 'थेट निवड चांगली' असा निकाल काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. पहिल्या गावातल्या बाईंना थेट निवडीचे कवच असते तर त्या टिकल्या असत्या. २०१७ च्या कायद्याप्रमाणे थेट सरपंचाला काढायचे तर तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान लागते. आता हे कलम पुस्तिकेच्या शेजारी ठेवा. साऱ्या मतदारांनी मिळून निवडलेला प्रमुख, मुदतीत सहसा न हटणारा, आणि हटवायचा तर मोठा खटाटोप. ही पत्रिका वॉशिंग्टनच्या अध्यक्षापेक्षा १९४७ च्या त्या पंतप्रधानाशी अधिक जुळते. कायदा करणाऱ्यांनी ती पुस्तिका पाहिली होती असे मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे निवडणुका होत्या. परंतु बाबासाहेबांच्या मनातला एक जुना आराखडा असा आडवाटेने गावात येऊन उतरला आहे.

आणि तो उतरला कोठे? ज्या ४ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी तो आराखडा बाजूला ठेवला, त्याच भाषणात खेड्यांबद्दलचे त्यांचे ते प्रसिद्ध कठोर उद्गार आहेत. मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले, याचा त्यांना आनंद वाटत होता. ग्रामस्वराज्याच्या प्रेमात पडलेल्या मंडळींना ते बोल फार लागले. मला तो राग पुस्तकी वाटत नाही. मार्च १९२० मध्ये आमच्याच जिल्ह्यात माणगावला जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते आणि शाहू महाराज स्वतः तिला आले होते. गाव म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. जन्माचे बहुमत देशाच्या सभागृहात लपून राहू शकते; पक्ष, प्रांत, भाषा यांच्या गर्दीत ते विरघळते. गावात ते चावडीपुढच्या कट्ट्यावर रोज बसलेले दिसते. म्हणून मला वाटते की पुस्तिकेतला युक्तिवाद देशापेक्षा गावाला अधिक लागू आहे, आणि भाषणातला युक्तिवाद गावापेक्षा देशाला.

देशालाही तो पूर्वीइतका लागू राहिला आहे का, ही शंका आहेच. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊ शकते. सरकारला रोज प्रश्न विचारायचे ज्याने, त्याचे मत आधीच बांधलेले. परीक्षकच विद्यार्थ्याच्या हाताखाली नोकरीला असल्यावर तोंडी परीक्षेत गुण किती पडतील? अमेरिकेत निदान अध्यक्षाच्या पक्षाचा सेनेटर त्याच्याविरुद्ध मत देऊन आपली जागा राखू शकतो. २०२१ च्या महाभियोगात सात जणांनी तसे मत दिले. म्हणजे रोजच्या जबाबदारीचा जो गुण भाषणात इंग्रजी पद्धतीच्या पारड्यात टाकला होता, त्यातला काही भाग घरंगळत दुसऱ्या पारड्यात गेला आहे.

थेट निवडीच्या कैवाऱ्यांना एक जुना इशारा आमच्या पन्हाळ्याच्या मुलखातूनच देता येतो. करवीरच्या संभाजी महाराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आज्ञापत्र सिद्ध केले. त्यात वतनदारांवरचे प्रकरण आहे. वतनदार हा लहानसा का होईना, पण आपल्या जागी स्वतंत्र धनी असतो. त्याचे वतन राजाच्या मर्जीवर अवलंबून नसते, म्हणून तो ऐकत नाही. त्याला मोडू नये आणि मोकळाही सोडू नये, असा अमात्यांचा सल्ला आहे. पाच वर्षे न हटणारा सरपंच हा पाच वर्षांचा वतनदारच होय. तो पहिल्या गावातल्या बाईंसारखा असेल तर ते वतन तिचे संरक्षण आहे. गावातल्या सगळ्यांत मोठ्या वाड्यातला असेल तर वाड्याला आणखी एक दार.

पुस्तिकेने या धोक्याचा विचार केला होता, आणि नेमका तोच भाग आपल्या कायद्यात उतरलेला नाही. १९४७ चा न हटणारा पंतप्रधान एकटा नव्हता. त्याच्या शेजारी अल्पसंख्याकांनी स्वतः निवडलेले मंत्री बसायचे होते. बहुसंख्याकांना आवडणारा, पण आपल्या समाजाचा विश्वास नसलेला शोभेचा माणूस नव्हे, हे स्पष्टीकरणात मुद्दाम सांगितलेले आहे. आपल्या थेट सरपंचाच्या शेजारी उपसरपंच बसतो, आणि त्याची निवड पंचायतीच्या बैठकीत बहुमताने होते. राखीव जागांवरून आलेल्या सदस्यांनी मिळून आपला एक माणूस कारभारात बसवावा, अशी सोय २०१७ मध्ये नव्हती, २०२२ मध्येही झाली नाही. पाणी, दिवाबत्ती, घरकुलांची यादी हे विषय ज्या टेबलावर ठरतात त्या टेबलाशी सरपंचाची खुर्ची आळीपाळीने राखीव होते. बाकीच्या खुर्च्यांचे काय, ते कायदा विचारीत नाही.